डाग खाली, गळती वर

मे महिना सरत आला की मावळात घरोघरी गळती शोधायचं काम सुरू होतं. कुणी कौलं चाळून घेतं, कुणी पत्र्याच्या खिळ्यांवर डांबर लावतं, कुणी गच्चीला सिमेंट फासतं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे इथे हे काम लांबवून चालत नाही. कौलांची घरं शाकारणारी जुनी माणसं एक गोष्ट पक्की जाणतात. घरात थेंब जिथे पडतो, त्याच्या बरोबर वर भोक असेलच असं नाही. पाणी आढ्याजवळून शिरतं, वाशावरून सरपटत येतं आणि हातभर अंतरावर ठिबकतं. जो थेंबाच्या वरचं कौल बदलतो, त्याच्या घरात पुढच्या सरीला पुन्हा बादली ठेवावी लागते.

यंदा आमच्याकडे गळती होती ती गाडीला. गाडी म्हणजे शंभर सीसीची जुनी मोटारसायकल. कामशेतच्या घरापासून लोणावळ्याच्या शाळेपर्यंत रोज जुन्या हायवेने सोळा-सतरा किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदी, त्यामुळे ट्रक, एसटी आणि एकवीरेला निघालेल्या भाविकांच्या गाड्यांच्या सोबतीने हाच रस्ता. बऱ्याचदा मागे मुलगी बसलेली असते. सकाळी पार्किंगच्या फरशीवर बशीएवढा काळा डाग दिसू लागला, तेव्हा फरशीची काळजी नंतर वाटली. आधी आठवलं ते मागचं चाक. इंजिनाचं ऑइल वाऱ्याने मागे उडतं. टायरला लागलं आणि वरून पाऊस पडला, तर कार्ल्याच्या वळणावर ब्रेक मारून उपयोग नाही.

दुसरी भीती आतली. या गाड्यांत इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना मिळून एकच ऑइल असतं आणि तेही जेमतेम लिटरभर. त्यातलं पाव लिटर गेलं तरी चढावर इंजिन तापतं, आवाज बदलतो. ऑइल संपतच गेलं तर पिस्टन जाम होतो आणि मग खर्च गाडीच्या किमतीएवढा.

एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या माणसाने खाली वाकून पाहिलं, इंजिनाच्या तळाचा ड्रेन बोल्ट करकचून आवळला आणि म्हणाला, "सर, आता थांबेल." थांबलं नाही. दुसऱ्या वेळी त्याने तोच बोल्ट आणखी आवळला. तिसऱ्या वेळी म्हणाला, "हाफ इंजिन उतरवावं लागेल, सात-आठ हजार धरून चला." सात-आठ हजार धरून चालायला आमच्याकडे जून महिना रिकामा नव्हता. मुलांची वह्या-पुस्तकं, फी, गणवेश सगळं याच महिन्यात येतं.

अब्बांचे एक जुने दोस्त आहेत, आयुष्यभर गाड्यांचं काम केलेले मिस्त्री. हात थरथरतात म्हणून आता दुकान बंद केलंय. मी त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी गाडी पाहिलीही नाही. खाटेवर बसूनच म्हणाले, "बेटा, पैले धो, फिर देख, फिर खोल. और जो बोल्ट सबसे नीचे है ना, उसपे इल्जाम मत डाल. ऊपर का तेल उतरके उसीच के मुंह से टपकता." दखनीतलं हे वाक्य ऐकल्यावर मला कौलं शाकारणारे आठवले. इंजिनात आणि छपरात फरक काय? तेल असो की पाणी, दोन्ही उताराने जातात.

रविवारी सकाळी मुलाला मदतीला घेऊन कामाला लागलो. आधी गळतंय ते नक्की काय, हे ठरवायचं होतं. पेट्रोल असेल तर वास येतो आणि डाग वाळून जातो. चेनचं वंगण असेल तर ते चिकट, जाड आणि मागच्या बाजूला. आमचा डाग पातळ, काळपट आणि बोटाला गुळगुळीत लागणारा होता, म्हणजे इंजिन ऑइलच. गाडीखाली काय अंथरायचं यावर घरात चर्चा झाली. उर्दू अखबार जमिनीवर टाकायचा नाही, त्यात अल्लाहचं, रसूलचं नाव असतं. मराठी पेपरला पाय लागला तर हात लावून कपाळाला लावणारी पोरं माझ्या वर्गात बाकावर शेजारी बसायची, त्यामुळे तोही नको वाटला. शेवटी किराणा दुकानातून पुठ्ठ्याचा खोका आणला.

पुठ्ठ्याने पहिल्याच दोन रात्रींत साक्ष दिली. गाडी साइड स्टँडवर, म्हणजे डावीकडे कललेली ठेवली त्या रात्री डाग मोठा. मेन स्टँडवर सरळ ठेवली त्या रात्री अगदी लहान. ड्रेन बोल्टचाच दोष असता, तर गाडी कशीही उभी केली तरी इतका फरक पडला नसता. ऑइल डाव्या अंगाला चढलं की जास्त गळत होतं. म्हणजे वाट डाव्या बाजूला आणि बोल्टपेक्षा वर कुठेतरी होती.

मग धुणं. इंजिन पूर्ण गार असताना जुन्या ब्रशने रॉकेल लावून वर्षानुवर्षांचा चिखल आणि तेलाचा थर काढला. हे करताना खाली घमेलं ठेवलं. चिंध्यांनी कोरडं पुसलं आणि डाव्या बाजूवर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरवली. मुलगा हसत म्हणाला, "अब्बा, गाडीला मेकअप?" पावडरचं काम एवढंच की ओल कुठून सुरू होते ते तिच्यावर रेघेसारखं उमटतं. इंजिन उघड्यावर दहा मिनिटं चालवलं, मग कामशेतच्या खिंडीपर्यंत फेरी मारली. परत येऊन मोबाईलचा टॉर्च लावला. वरचं टॅपेट कव्हर कोरडं, सिलिंडरचा जोड कोरडा, मॅग्नेटच्या झाकणाची कड कोरडी. गिअरचा दांडा जिथून इंजिनाबाहेर येतो, तिथून मात्र एक बारीक काळी रेघ निघून खाली वळली होती आणि तळाशी ड्रेन बोल्टच्या टोकावर जमत होती. ज्याला दोनदा आवळलं, तो फक्त दुसऱ्याचं तेल खाली सोडत होता.

तरी लगेच सील बदलायला घेतला नाही. चाचांनी आणखी एक तपासायला सांगितलं होतं. इंजिनात पिस्टन वरखाली होताना आत दाब तयार होतो. तो बाहेर पडायला एक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती तुंबली की आतला दाब जिथे कमजोर जागा सापडेल तिथून तेल ढकलतो. अशा वेळी नवा सील बसवला तरी काही दिवसांनी तोही गळतो. आमच्या गाडीच्या नळीच्या तोंडाशी गेल्या पावसाळ्यातला चिखल वाळून दगड झाला होता. तारेने काढला, नळी धुतली, फुंकर आरपार जाते का पाहिलं.

सील बदलणं त्यामानाने सोपं निघालं. गिअरचा लिव्हर कोणत्या कोनात आहे त्याची खूण केली, दहा नंबरच्या पान्याने बोल्ट ढिला करून लिव्हर काढला. जुन्या सीलच्या रबरात बारीक स्क्रू फिरवून पकडीने ओढला, दांड्याला ओरखडा जाऊ न देता. रबर कडक, बांगडीसारखं झालेलं. तोच दुकानात नेऊन त्याच मापाचा आणला. दांड्याच्या टोकाला दाते असतात, ते नव्या सीलची नाजूक ओठासारखी कड कापतात, म्हणून त्यांच्यावर पातळ प्लास्टिक गुंडाळलं. सीलला ऑइलचं बोट लावलं, स्प्रिंगची बाजू आत ठेवली आणि योग्य मापाचा पाइपचा तुकडा टेकवून चारी बाजूंनी सारखा दाबत बसवला. एका बाजूने हातोडी मारली की तो तिरका बसतो आणि पुन्हा गळतो. ड्रेन बोल्टचे आटे नशिबाने शाबूत होते. त्याला नवा वॉशर घातला आणि बेताने आवळला. ऑइल नवं भरलं, मोटारसायकलचंच. कारचं ऑइल घातलं तर ओला क्लच घसरू शकतो. सील आणि वॉशर मिळून शंभर रुपयांच्या आत झाले.

उर्दू माध्यमाच्या मुलांना मी मराठी शिकवतो. आठवीतली एक मुलगी सतत 'माझी पुस्तक', 'पाणी आला' असं लिहायची. आधीच्या वहीत लाल शाईने प्रत्येक पानावर एकच शेरा होता, 'लक्ष नाही'. घरी तो शेरा दाखवून ओरडा, शाळेत पुन्हा ओरडा. लक्ष होतं, पुरेपूर होतं. उर्दूत लिंगं दोनच, मराठीत तीन. 'किताब' स्त्रीलिंगी, म्हणून तिच्या मनात पुस्तकही 'ती'. उर्दूतलं पानी पुल्लिंगी, म्हणून 'आला'. चूक वहीत टपकत होती, पण येत होती दोन भाषांच्या जोडावरून. आम्ही एक तक्ता केला, एका रकान्यात शब्दाचं उर्दूतलं लिंग, दुसऱ्यात मराठीतलं. जिथे दोन्ही जुळत नाहीत, तेवढेच शब्द घोकायचे. दोन महिन्यांत वहीतली लाल शाई निम्म्यावर आली. आपल्या मुलांच्या बाबतीत 'यांची मराठीच कच्ची' असं म्हणून बोल्ट आवळणारे पुष्कळ भेटतात. शिक्षकांमध्येही भेटतात. जास्त आवळल्याने गळती थांबत नाहीच, वर आटे जातात. एकदा आटे गेले की ते मूल वर्गात हात वर करायचंच सोडून देतं.

घरी सगळंच होतं असा माझा दावा नाही. हेड गॅस्केट गेलं असेल, इंजिनाच्या दोन अर्ध्या कवचांच्या जोडातून तेल येत असेल किंवा मॅग्नेटच्या मागचा क्रँकचा सील गळत असेल, तर ते मिस्त्रीचं काम. पण धुणं, पुठ्ठा टाकणं आणि पावडर लावून पाहणं कुणालाही जमतं. मिस्त्रीकडे जायचंच असेल, तर कुठून गळतंय हे आपल्याला माहीत असलेलं बरं. मग तो आपल्याशी वेगळं बोलतो.

घमेल्यातलं काळं तेल आणि रॉकेल दोन वेगळ्या कॅनमध्ये भरून ठेवलं. आमच्याकडे बरेच जण ते गटारात ओततात किंवा शेकोटीला वापरतात. वापरलेलं ऑइल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रियेकडे जायला हवं. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये ते पिंपात जमा करतात, तिथे नेऊन दिलं. आमच्या गटारातून जे वाहतं ते इंद्रायणीत जातं. ही नदी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते, कामशेतवरून देहू, आळंदीला जाते आणि तुळापूरला भीमेला मिळते. त्या पाण्यात कुणी स्नान करतं, कुणी वजू करतं. वजूला बसलं की नळाची धार बारीक ठेव, असं अब्बांनी लहानपणी शिकवलं होतं. मुलाने कॅनचं झाकण दोनदा तपासून पाहिलं आणि मग दोघे निघालो.