ती पुडी चहात घालू नकोस

चि. सौ. सुमन हिस,


फोनवर विलासराव जवळ होते म्हणून तुला मोकळं बोलता येईना. लिहूनच पाठवते. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ असं भिंतींवर रंगवलेलं असतं, तसली पुडी शेजारणीने तुला आणून दिली आहे. ती त्यांच्या चहात, आमटीत, कशातही घालू नकोस.

त्यात काय आहे हे विकणारा सांगत नाही. डायसल्फिराम असू शकतं. ते खरं औषध आहे, डॉक्टरही देतात. पण माणसाला सांगून, त्याच्या संमतीने आणि शेवटचा घोट घेऊन निदान १२ तास उलटल्यावर. दारूपासून शरीरात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विष तयार होतं आणि मग यकृत त्याचा निचरा करतं. हे औषध तो निचराच अडवतं. वरून कोणी प्यालं की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर जीवही जाऊ शकतो. गोळी थांबवल्यावरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहतो. ज्याला औषधाचा पत्ताच नाही, तो संध्याकाळी पिणारच ना?

एकादशीला माळ घालायला लावून त्याच दिवसापासून दारू बंद करायची, हा सासूबाईंचा बेतही थोडा थांबव. माळेने सावरलेली माणसं मी पाहिली आहेत, माळेला माझा विरोध नाही. पण सकाळी कपबशी धरताना त्यांचे हात कापतात आणि क्वार्टर पोटात गेली की थांबतात, असं तूच म्हणालीस. अशा माणसाची दारू एकदम तुटली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊ शकतो. माझ्या वॉर्डात असे रुग्ण चादरीवरचे नसलेले किडे वेचत बसायचे, बायकोला ओळखायचे नाहीत. घरचे बाहेरची बाधा समजून अंगारा आणायचे. बाधा कसली! दारूने वर्षानुवर्षं दाबून ठेवलेला मेंदू एकाएकी मोकळा सुटून उधळलेला असतो. उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो.

म्हणून आधी दवाखान्यात दाखल करायचं. तिथे गोळ्या देऊन त्या हळूहळू कमी करत आणतात. गावातले डॉक्टर नुसती ग्लुकोजची सलाईन लावू लागले, तर आधी बी-१चं इंजेक्शन दिलं का, हे न लाजता विचार. रोज पिणाऱ्याच्या अंगात ते जीवनसत्त्व बहुधा फारच कमी उरलेलं असतं, आणि त्याशिवाय ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

तुझ्या तोंडाळपणामुळे ते पितात, असं सासूबाई म्हणाल्या. ऐकून संताप आला. तू हे मुळीच मनावर घेऊ नकोस. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. तिथे पिणाऱ्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट चालतो. विलासराव तयार होवोत न होवोत, तू चौकशी कर. त्यांच्याशी बोलायचं ते शुद्धीत असताना, आणि मुलांसमोर नाही.

मी रविवारी येतेच आहे. तोवर झटका आलाच तर चमचा, कांदा, चप्पल काही तोंडा-नाकाशी नेऊ नकोस. कुशीवर वळव, आजूबाजूचं सामान सरकव आणि लगेच १०८ला फोन कर.

तुझी,
ताई