घर आमचं, ओळख गावाची

लग्न होऊन मी पुण्याहून बंगळूरला आले, तेव्हा मल्लेश्वरममधलं सासरचं घर बघताक्षणीच आवडलं. लाल कौलं, पुढे ओटा, खिडक्यांवर लाकडी जाळीच्या टोकदार झडपा, मागे सफाईसाठी ठेवलेली अरुंद गल्ली. १८९८ च्या प्लेगनंतर पेठेतली दाटी सोडून लोक मोकळ्या हवेसाठी या बाजूला राहायला आले, हे मामंजी प्रत्येक पाहुण्याला हौसेनं सांगत.

ते गेले आणि वर्षभरात बिल्डर दारात आला.

"वहिनी, छप्पर गळतंय. डागडुजीला पैसे कुठून आणायचे? फ्लॅट तरी मिळतील," धाकटे भावोजी म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं. मुलीचं शिक्षण तोंडावर आलं होतं. सासूबाई काही न बोलता ओट्यावर जाऊन बसल्या.

मुंबईला माझा मावसभाऊ वास्तुरचनाकार आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, नुसत्या मायेनं घरं टिकत नाहीत, नियम लागतो." मुंबईत १९९५ साली असे नियम झाले. जुन्या वास्तूंची यादी झाली, तीन श्रेणी ठरल्या. यादीतली वास्तू पाडायची किंवा बदलायची, तर समितीचा सल्ला आणि पालिकेची परवानगी हवी. आणि त्यामुळे मालकाचा बांधकामाचा हक्क बुडाला, तर तो दुसऱ्या जागी वापरण्याची किंवा विकण्याची सोय नियमातच ठेवली.

हे मला फार पटलं. गावाची शोभा एकट्या मालकानं पदरमोड करून का राखावी?

आमच्या बंगळूरची अठरा कचेरी आठवली. १८६८ मध्ये पुरी झालेली ही तांबडी इमारत १९८० च्या दशकात पाडायचं घाटत होतं. नागरिकांनी विरोध केला, प्रकरण कोर्टात गेलं, अखेर इमारत वाचली. आज तिथे हायकोर्ट दिमाखात उभं आहे. पण कचेरीसाठी लोक धावले. आमच्या कौलारू घरासाठी कोण धावणार? साध्या घरांना नियमाचाच आधार. शिवाय चहूबाजूंनी उंच इमारती उठल्या, तर मधलं एकटं घर काय शोभा देणार? म्हणून नियम एका घराला नव्हे, साऱ्या आळीला हवा.

त्या रात्री आम्ही सगळे एकत्र बसलो. माझी मुदतठेव मोडून छप्पर दुरुस्त करायचं आणि पुढच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या, असं ठरलं. ते भाडं भावोजींच्या मुलीच्या शिक्षणाला.

"दोन वर्षं बघू, वहिनी," भावोजी म्हणाले. "मग मात्र मला अडवू नका."

मी होकार दिला. दोन वर्षांनी काय होईल, कोण जाणे! पण दुसऱ्या दिवशी कौलं चाळायला माणसं आली, तेव्हा सासूबाईंनी स्वतः उठून त्यांना कॉफी केली.