अंतिम सामना आणि आपलें मैदान

अभ्यासाच्या खालोखाल पालकांकडून आम्हांस जी तक्रार वारंवार ऐकावी लागते ती अशी कीं, मुलगा रात्रीं जागतो. हातांत पुस्तक घेऊन जागला असता तर कोणाचीच हरकत नव्हती. परंतु हा जागतो तो फुटबॉलच्या सामन्यासाठीं, आणि सामनाहि आपल्या गांवचा किंवा देशाचा नव्हे, तर सातासमुद्रांपलीकडील कोणत्या तरी दोन क्लबांचा. त्या क्लबांचें व आपलें नातें तें काय, असा प्रश्न पालक करितात. प्रश्न रास्त आहे. तो रागें भरून किंवा हसून टाळतां येण्यासारखा नाहीं. म्हणून या वार्षिकाच्या पानांवर त्याचा थोडा विचार करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

युरोपांतील निरनिराळ्या देशांच्या विजेत्या क्लबांनीं परस्परांशीं सामने खेळावेत, ही कल्पना एका फ्रेंच क्रीडापत्रानें पुढें मांडिली आणि १९५५ सालीं ही स्पर्धा सुरू झाली. पहिलीं पांच वर्षें माद्रिदच्या रेआल संघानें अजिंक्यपद दुसऱ्या कोणास मिळूं दिलें नाहीं. १९९२ सालीं स्पर्धेस चँपियन्स लीग हें नवें नांव मिळालें. २०२५ सालचा अंतिम सामना ३१ मे रोजीं जर्मनींतील म्युनिक शहरीं झाला. तेथें रात्रीचे नऊ वाजले, तेव्हां आपल्याकडे साडेबारा वाजून जून महिन्याचा पहिला रविवार लागला होता. नवतपाचे दिवस, मध्यरात्र उलटली तरी भिंतींतून ऊष्मा बाहेर पडत होता. सकाळीं उपासनेस जावयाचें होतें. तरीहि शेजारच्या दोन विद्यार्थ्यांसमवेत आम्हींहि तो सामना शेवटपर्यंत पाहिला. ज्या गोष्टीविषयीं मुलांस उपदेश करावयाचा, ती एकदां तरी त्यांच्या शेजारीं बसून पाहावी, असें आमचें मत आहे.

सामना पॅरिस सेंट जर्मेन आणि इंटर मिलान या दोन क्लबांचा होता. बाराव्या मिनिटास पॅरिसच्या हकीमीनें पहिला गोल केला. हा खेळाडू पूर्वीं इंटरकडूनच खेळलेला. गोल होतांच नाचण्याउडण्याऐवजीं त्यानें हात वर करून आपल्या जुन्या क्लबाच्या चाहत्यांची जणूं क्षमा मागितली. ज्या घरचें अन्न खाल्लें त्या घराविरुद्ध खेळणें हें कर्तव्य असूं शकतें. परंतु त्या घराच्या पराभवाचा उत्सव करणें हें कर्तव्य नव्हे. हा विवेक त्या तरुणास ऐन विजयाच्या क्षणीं राहिला, ही गोष्ट आम्हांस गोलापेक्षांहि मोठी वाटली. पुढें दुए नांवाच्या एकोणीस वर्षांच्या मुलानें दोन गोल केले, क्वारात्स्खेलियानें चौथा केला, आणि पांचवा मायुलूनें. तोहि एकोणीस वर्षांचाच. पांच विरुद्ध शून्य! या स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत इतक्या मोठ्या फरकानें तोंपर्यंत कोणीहि जिंकलें नव्हतें.

आमच्या शेजारीं बसलेल्या दोघांपैकीं एक मुलगा इंटरचा भक्त होता. तिसऱ्या गोलानंतर त्याचा मित्र त्यास म्हणाला, "चल, झोपूं आतां." त्यानें मान हालविली आणि तो बसून राहिला. चौथा झाला, पांचवा झाला. तो उठला नाहीं. शेवटची शिटी वाजल्यावर पराभूत खेळाडू पदकें घेण्यास गेले, तेंहि त्यानें पाहिलें. विजेत्याच्या घोड्यावर बसणारे जगांत पुष्कळ भेटतात. हरणाऱ्याच्या शेजारीं शेवटपर्यंत बसणारे थोडे. आम्हीं त्यास त्या रात्रीं कांहीं बोललों नाहीं. परंतु अशा मुलाच्या मैत्रीवर विसंबण्यास हरकत नाहीं, असें आमच्या मनानें घेतलें.

सामना संपल्यावर घडलेली आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. पॅरिस संघाचे मार्गदर्शक लुईस एन्रीके हे २०१५ सालीं बार्सिलोना संघाचे मार्गदर्शक असतां त्यांनीं हीच स्पर्धा बर्लिन येथें जिंकिली होती. त्या वेळीं त्यांची लहान मुलगी शाना मैदानांत आली आणि पित्याबरोबर तिनें क्लबाचा ध्वज हिरवळीवर रोविला. २०१९ सालीं, वयाच्या अवघ्या नवव्या वर्षीं, हाडांच्या कर्करोगानें ती मुलगी देवाघरीं गेली. म्युनिकला विजय मिळाल्यानंतर पॅरिसच्या चाहत्यांनीं एक प्रचंड पडदा उलगडला. त्यावर पिता व कन्या मिळून पॅरिसचा ध्वज रोवीत आहेत, असें चित्र होतें. कोणत्याहि करंडकानें आईबापांच्या मनांतील रिकामी जागा भरून निघत नाहीं, हें खरें. परंतु तुमचें मूल आम्हीं विसरलों नाहीं, असें सहस्रावधि अनोळखी माणसें एकदम म्हणतात, तेव्हां दुःखाचें ओझें थोडें तरी वांटलें जातें. रडणाऱ्यांसह रडावें आणि आनंद करणाऱ्यांसह आनंद करावा, ही शिकवण आमच्या मंडळींत आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. त्या पडद्यावर ती दोन्ही एकत्र दिसली.

आतां नात्याच्या प्रश्नाकडे वळूं. हाच इंटर संघ २५ मे १९६७ रोजीं लिस्बन येथें अंतिम सामन्यांत उतरला होता. त्यापूर्वीं १९६४ व १९६५ अशीं लागोपाठ दोन वर्षें त्यानें हें अजिंक्यपद मिळविलें होतें. समोर होता स्कॉटलंडच्या ग्लासगो शहराचा सेल्टिक क्लब. इंटरनें आरंभींच पेनल्टीवर गोल केला. पुढें तासभर सेल्टिकचे हल्ले निष्फळ झाले. शेवटीं गेमेलनें बरोबरी साधली, आणि सामना संपावयास थोडींच मिनिटें उरलीं असतां चामर्सनें विजयाचा गोल केला. सेल्टिकचे ते अकराहि खेळाडू आपल्या मैदानापासून सुमारें पन्नास किलोमीटरांच्या आंत जन्मलेले होते, आणि त्यांचे मार्गदर्शक जॉक स्टीन यांनीं तरुणपणीं कोळशाच्या खाणींत काम केलें होतें. म्हणजे नागपूर, कामठी, उमरेड, काटोल एवढ्या टापूंतील मुलांनीं एकत्र येऊन युरोपचें अजिंक्यपद मिळवावें, तसा तो प्रकार!

या क्लबाचा जन्म कसा झाला, हें तर आमच्या वाचकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावें. ग्लासगोच्या पूर्व भागांत आयर्लंडहून आलेल्या अत्यंत गरीब कुटुंबांची वस्ती होती. तेथील एका शाळेचे मुख्याध्यापक ब्रदर वॉल्फ्रिड यांनीं वस्तींतील उपाशी मुलांच्या जेवणासाठीं पैसा उभा राहावा, म्हणून १८८७ सालीं एका चर्चच्या सभागृहांत हा क्लब स्थापिला. ज्या नांवाचा आज जगभर गजर होतो, त्याच्या मुळाशीं एका शिक्षकाची तळमळ आणि भुकेल्या मुलांचें ताट आहे. पुढें १९३६ सालीं याच क्लबाच्या दुय्यम संघांतून कलकत्त्याचा महंमद सलीम पायांस पट्ट्या बांधून, बूट न घालतां खेळला, आणि लोकांनीं त्याचें कौतुक केलें. तेव्हां परकीय म्हणून ज्यांची आपण गणना करितों, ते मुळांत इतके परकीय नसतात.

स्कॉटलंड हें नांव नागपुरास नवीन नाहीं. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ सालीं येथें आले. त्यांनीं शाळा काढिली, विदर्भाच्या भूमींतील खडक व जीवाश्म अभ्यासिले, आणि १८६३ सालीं टाकळघाटाहून परततांना पुरांत त्यांचा अंत झाला. १८८३ सालीं निघालेलें हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नांवानें उभें आहे. त्याच कॉलेजांतील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनीं एके पावसाळी दिवशीं झोपडपट्टींतील मुलांस एक फुटकी बादली पायांनीं लाथाडीत खेळतांना पाहिलें. त्यांनीं त्या मुलांस फुटबॉल आणून दिला. एवढ्या लहानशा गोष्टींतून इ. स. २००१ च्या सुमारास झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी राहिली. स्लम सॉकर या नांवानें ती जगास परिचित झाली, आणि २०१६ सालीं फुटबॉलच्या जागतिक संघटनेनें तिचा गौरव केला. नागराज मंजुळे यांचा २०२२ सालचा 'झुंड' हा चित्रपट याच कार्यावरून स्फुरलेला आहे. बेघरांसाठीं जी जागतिक फुटबॉल स्पर्धा २००३ सालीं ऑस्ट्रियांत सुरू झाली, आणि जींत आपल्या नागपूरच्या चळवळीनें घडविलेले खेळाडूहि पुढें उतरले, तिच्या दोन संस्थापकांपैकीं एक, मेल यंग, हे पुन्हां स्कॉटलंडचेच.

ग्लासगोचा मुख्याध्यापक आणि नागपूरचा क्रीडाशिक्षक यांची गांठ पडणें शक्यच नव्हतें. दोघांमध्यें शतकाहून अधिक अंतर होतें. तरी दोघांस एकच गोष्ट दिसली. ज्या मुलाजवळ कांहीं नाहीं, त्याच्याजवळहि पाय आहेत, मित्र आहेत आणि खेळण्याची इच्छा आहे. म्युनिकच्या प्रकाशांत न्हाणाऱ्या त्या हिरवळीचें व आपलें नातें तें हेंच. तो मोठा सामना म्हणजे वृक्षाचा शेंडा होय. मुळें मात्र कोठल्या तरी वस्तींत, कोठल्या तरी मुरमाड पटांगणांत असतात.

म्हणून विद्यार्थ्यांनो, तुम्ही वर्षांतून एखादी रात्र अशा सामन्यासाठीं जागलां, तर आम्ही तुमच्या पालकांजवळ तुमची रदबदली करूं. परंतु जो केवळ पाहतो आणि कधीं खेळत नाहीं, त्यानें मेजवानीचा वास घेतला, जेवण केलें नाहीं. आमच्या शाळेच्या संघांत एक गोलरक्षक आहे. तो पहांटे घरोघर वर्तमानपत्रें टाकतो आणि मग शाळेंत येतो. युरोपांतील क्लबांचीं नांवें त्यास धड सांगतां येत नाहींत. पण आपल्या मैदानाच्या कोणत्या कोपऱ्यांत मुरूम वर आला आहे आणि तेथें चेंडू कसा उसळतो, हें त्याच्याइतकें कोणास ठाऊक नाहीं. दोन वर्षें तो मोठ्या भावाचे बूट पुढें कापूस कोंबून घालीत होता. वर्गांतील ज्या मुलांच्या अंगावर परदेशी क्लबांचे रंगीत सदरे असतात, त्यांनीं एकदां त्याच्या पायांकडे पाहावें, एवढीच आमची विनंती आहे. पाहिल्यावर काय करावें, हें सांगण्याची गरज पडणार नाहीं.

पालकहो, आपणांसहि एक शब्द. मुलगा खेळतो म्हणून त्याचें शिक्षण बुडतें, आणि मुलगी खेळते म्हणून लोक हसतात, या दोन्ही भीति आम्हांस अपरिचित नाहींत. पण पांच गोल खाऊनहि सहाव्यासाठीं गोलांत उभें कसें राहावें, हें आम्ही फळ्यावर शिकवूं शकत नाहीं. संत पौलानें करिंथ येथील मंडळीस लिहितांना शर्यतींत धांवणाऱ्यांचा दृष्टांत घेतला, आणि त्यांना मिळणारा मुगुट सुकून जाणारा असतो, हेंहि सांगितलें. करंडकाचेंहि तसेंच आहे. सुकत नाहीं तें धांवतांना अंगीं बाणलेलें शील, आणि पडलेल्या गड्यास उठविण्याची संवय.

पाऊस लागला कीं मैदान पुन्हां हिरवें होईल. शाळा सुटल्यावर तें सर्वांस, मुलांस तशींच मुलींसहि, खुलें असतें. ज्याच्याजवळ बूट नाहींत त्यानें अनवाणी यावें. चेंडू शाळेचा आहे.