मार्चनंतरचं काय?

चि. सोनू,


तुझं पत्र मिळालं. वसतिगृहाला मिळणारी मदत मार्चअखेर थांबणार, पुढची जबाबदारी कोणी घेत नाही आणि दारात मुली तर येतच आहेत. रात्री झोप लागत नाही, प्रार्थनेला बसलं की आकडेच डोळ्यांपुढे येतात, असं लिहिलंस. यावर ‘देवावर भार टाक’ एवढं लिहून पाकीट बंद करणं मला जमणार नाही. पंडिता रमाबाईंचं नाव आपल्या घरात इतक्या आदरानं घेतात, की या बाईलाही कधी धास्ती वाटली असेल हे आपल्या मनातच येत नाही. म्हणून त्यांच्याविषयीच लिहिते. तुझ्या पुढ्यात आहे तसंच एक वर्ष त्यांच्याही पुढ्यात होतं.

आधी त्यांच्या वडिलांचं सांगायला हवं. अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करलेला माणूस. घरदार सुटल्यावर हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणं सांगत हिंडलं. जवळ होतं नव्हतं ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत गेलं, आणि मग दुष्काळ आला. भीक मागायची नाही, अंगमेहनतीचं काम ठाऊक नाही. शेवटी एका रानात अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजुरांवर काढले. वडिलांनी पवित्र तळ्यात देह ठेवायचं ठरवलं, ते आधी आणि मागोमाग बाकीचे. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास म्हणाला, मी पडेल ते काम करीन, पण तुम्हाला जगवीन. पंडिताच्या मुलानं ओझी वाहायची, हे त्या काळी मरणाहून अवघड होतं. तो बेत टळला, तरी माणसं वाचली नाहीत. वडील गेले, आई गेली, पाठोपाठ बहीण.

मागे राहिलेले रमाबाई आणि श्रीनिवास देशभर पायी हिंडले. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडी सोसेना, तेव्हा वाळूत थडग्यासारखे खड्डे करून त्यात निजायचे आणि गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घ्यायचे. रमाबाईंनी पुढे हे सगळं स्वतः लिहून ठेवलं आहे. त्यात कुठे गळा काढलेला नाही; म्हणूनच वाचताना फार लागतं.

हे एवढं लांबण लावण्याचं कारण सांगते. देवाचं नाव घेणारी माणसं उपाशी मरतात, हे रमाबाईंनी घरात पाहिलं होतं. ‘विश्वास ठेव, सगळं नीट होईल’ असं त्यांना कोणी सांगितलं असतं, तर त्यांनी मान डोलावली नसती. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, पुढच्या वर्षी मनोरमा जन्मली आणि १८८२ मध्ये पटकीनं नवराही गेला. वय चोवीसही नाही, कडेवर तान्ही मुलगी. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो ही सगळी मरणं सोबत घेऊन.

आता त्या वर्षाकडे येते. अमेरिकेत, विधवांना आसरा आणि शिक्षण देण्याच्या त्यांच्या कामासाठी ‘रमाबाई असोसिएशन’ निघाली आणि तिनं दहा वर्षं मदतीचा शब्द दिला. त्या बळावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. शब्द दहा वर्षांचा, अकराव्या वर्षी काय? रमाबाईंनी अकराव्या वर्षाची वाट पाहिली नाही. पुणे-दौंड रेल्वेवर केडगावला त्यांनी माळरान विकत घेतलं, विहिरी खणल्या, फळझाडं लावली. फळं विकून सदन चालवायचं, असा हिशेब होता. तोही चोख होता.

पण १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि हिशेब कोलमडला.

रमाबाई तिकडे गेल्या. रस्त्याच्या कडेला, मदतकेंद्रांच्या आवारात हाडांचे सापळे झालेल्या मुली बसलेल्या, आणि त्यांना पळवून न्यायला टपलेली माणसं. मुदत संपायला आलेली, जागा पुण्यात आधीच अपुरी, बागेला अजून फळ धरायचं होतं. मनात काय चाललं असेल, ते तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतेस. त्यांनी सुमारे ३०० मुली आणल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग. इतक्या मुली शहरात ठेवता येईनात, म्हणून त्यांना केडगावला नेलं आणि माळावर तात्पुरत्या निवाऱ्यात ठेवलं. ‘मुक्ती’ या त्यांच्या आश्रमाची सुरुवात अशी झाली. १८९८ मध्ये रमाबाई अमेरिकेला जाऊन आल्या, जुन्या मंडळाच्या जागी नवं मंडळ उभं राहिलं. मुक्तीतल्या मुलींच्या पोटापाण्याची कायमची हमी मात्र कोणी दिली नव्हती. १९०० चा दुष्काळ आला तेव्हा गुजरातेतूनही मुली आणल्या, आणि संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

आपल्या मंडळीत ही गोष्ट सांगताना लोक बाग आणि विहिरी वगळतात, नुसती प्रार्थना आणि टपालानं येणारे पैसे तेवढे सांगतात. शिकलेली माणसं उलट करतात, उत्तम व्यवस्थापन म्हणून मोकळी होतात. मला दोन्ही पटत नाही. केडगावला विणकाम होतं, तेलघाणा होता, छापखाना होता, शेती होती. ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर अनाथाश्रम कसा प्रार्थनेवर चालवतात हे रमाबाईंनी वाचलं होतं, ते त्यांना मनापासून पटलं होतं, आणि तरीही मुलींच्या हातांना काम देणं त्यांनी सोडलं नाही. श्रीनिवासानं त्या रानात जो शब्द दिला, तो त्यांच्या विश्वासात कायमचा मिसळला, असं मला वाटतं. बाग हिशेबानं लावली. पण हिशेबात न बसणाऱ्या ३०० मुलींना आत घेताना त्यांच्याजवळ देवाखेरीज कोणाचा शब्द नव्हता. आणलेल्या मुलींपैकी सगळ्या जगल्याही नाहीत. काही इतक्या खंगून आल्या होत्या, की अन्न अंगी लागलंच नाही.

शेवटचा घाव तर घरातच बसला. मनोरमा परदेशात शिकून आली, आईच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. पुढचं सगळं तीच पाहणार असं सगळे धरून चालले होते. १९२१ मध्ये ती आईच्या आधी गेली. रमाबाई तेव्हा थकलेल्या होत्या, कानांनी नीट ऐकू येत नव्हतं. बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी तरीही चालू ठेवलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. मुक्ती आजही केडगावला उभी आहे.

सोनू, तुझी झोप उडाली आहे यात तुझा विश्वास कमी पडला असं समजू नकोस. भीती वाटते ते मुलींवर माया आहे म्हणून. तू दोन कामं कर. जमाखर्चाची वही घेऊन पुढच्या शनिवारी इकडे ये. तुझे काका चाळीस वर्षं हिशेबातच मुरलेले आहेत, किती महिने निभेल ते दोघं बसून काढा. आणि यायच्या आधी मुलींची नावं लिहून पाठव, फक्त नावं. आमच्या बायकांची प्रार्थनासभा बुधवारी असते. ‘वसतिगृहातल्या मुलींसाठी’ अशी मोघम प्रार्थना मला करायची नाही, एकेकीचं नाव घ्यायचं आहे. दारात परवा जी नवी आली म्हणतेस, तिचंही लिही.

तुझी,
काकू