कोरडी जमीन

पनवेल हे जुन्या काळापासून वाटसरूंचे गाव आहे. पूर्वी मुंबईचा प्रवासी होडीने पनवेलच्या बंदरात उतरे आणि तेथून पुण्याची वाट धरी. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. वाहने बदलली, रस्ते रुंदावले. पण सह्याद्री काही खाली आला नाही. तो चढून जाताना मोटारीच्या इंजिनाची खरी परीक्षा होते. म्हणूनच पनवेलच्या गॅरेजात इंजिन जोडणाऱ्या मिस्त्रीच्या हातावर, त्याने कधी न पाहिलेल्या कितीतरी माणसांची भिस्त असते.

इंजिनात तेलाचे काम मोठे नाजूक आहे. फिरणारा क्रँक आणि त्याचे बेअरिंग ह्यांच्यामध्ये तेलाचा एक पातळ पापुद्रा असतो. त्याच्यामुळे धातू धातूला घासत नाही. थेंब थेंब गळून तेल संपले, तर हा पापुद्रा नाहीसा होतो, धातू तापतो आणि भर घाटात इंजिन जखडून बसते.

म्हणून जुने इंजिन उघडले, की जाणता मिस्त्री प्रथम गळतीचा माग काढतो. ओतीव भाग घडताना वितळलेल्या धातूत बुडबुडे राहून कधी सूक्ष्म छिद्रे पडतात. कधी दगड लागून तेलाच्या चेंबरला बारीक तडा जातो. अशा ठिकाणी इपॉक्सी उपयोगी पडते. हे दोन भागांचे लुकण होय. एक भाग राळेसारखा चिकट, दुसरा त्याला कठीण करणारा. योग्य प्रमाणात कालवले, की दोन्ही एकजीव होऊन घट्ट होतात आणि पुन्हा वितळत नाहीत. मात्र इंजिनाची उष्णता सोसणारा प्रकारच निवडावा लागतो.

परंतु लुकण कितीही उत्तम असले, तरी तेलकट धातूवर ते धरत नाही. आणि जुने तेल तर छिद्राछिद्रात मुरलेले असते. तो भाग पुन्हा पुन्हा धुवावा, वाळवावा, पॉलिश पेपरने खरखरीत करावा, पुन्हा पुसावा. ह्यात बराच वेळ जातो; लुकण भरावयास मात्र काही क्षण पुरतात. उतावळा कारागीर तेवढे क्षणच काय ते खर्च करतो. पहिल्या दिवशी दोघांचेही काम सारखेच दिसते!

लुकण कोठे लावू नये, हेही कळावे लागते. जो सांधा पुढे उघडावयाचा, तेथे पॅकिंगच हवे. फिरत्या दांड्याभोवती रबरी सीलच हवे. आत जास्तीचे लुकण राहिले, तर त्याचा तुकडा सुटून तेलाबरोबर वाहतो आणि पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीत अडकतो. मग गळती थांबविण्यासाठी लावलेली वस्तूच तेलाची वाट अडवते.

इंजिन बंद झाले, की ही सारी मेहनत आत झाकली जाते. गाडीचा मालक आवाज ऐकतो, पैसे देतो आणि निघून जातो. घासलेला, पुसलेला तो तडा त्याला कधीच दिसत नाही. पुढे कित्येक दिवसांनी, घाट चढून आलेली गाडी रात्रभर उभी राहते आणि सकाळी तिच्याखालची जमीन कोरडी असते. मिस्त्रीच्या प्रामाणिकपणाची तेवढीच खूण जगाला दिसते.