कडू तेवढं गुणकारी?

डार्क चॉकलेट खाल्लं की मन हलकं होतं ते त्यातल्या कोकोमुळे, असं मी ठामपणे मानायचे. जितकं कडू तितकं गुणकारी, हा सरळ हिशेब. भाचा पुण्याहून ८५ टक्केवालं आणायचा आणि मी ते कडुलिंबाच्या काढ्यासारखं डोळे मिटून गिळायचे.

कंधारात ते टिकवणं हेही कामच. कोकोची चरबी चौतीस अंशांच्या आसपास वितळते. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. लाइट गेली की फ्रिजमधली वडी मऊ पडायची, पुन्हा घट्ट झाली की वर पांढुरका थर धरायचा. तो थर वर आलेल्या चरबीचा. सासूबाईंनी मात्र बुरशी समजून अख्खी वडी फेकून दिली.

माझ्या समजुतीला आधार होता. २०१९ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या १३,६२६ प्रौढांची माहिती तपासली. डार्क चॉकलेट खाणाऱ्यांत नैराश्याची लक्षणं असण्याची शक्यता ७० टक्क्यांनी कमी दिसली. पण चॉकलेटनं मन बरं राहतं, की मन बरं असलेल्यालाच चॉकलेट खावंसं वाटतं, हे त्यातून ठरत नाही. मन उतरलं की आवडीचा घासही नको होतो, हे आपण घरोघरी पाहतोच.

माझं मत फिरवलं ते १९९४ च्या एका छोट्या प्रयोगानं. मिशनर आणि रोझिन या अमेरिकी संशोधकांनी चॉकलेटची तलफ आलेल्यांना कधी चॉकलेट दिलं, कधी पांढरं चॉकलेट, कधी नुसत्या कोकोच्या कॅप्सूल. पांढऱ्यानं तलफ थोडीफार भागली, कॅप्सूलनं भागलीच नाही. पोटात कोको गेला, पण जिभेला पत्ता नाही! पुढं २००७ मध्ये जर्मनीतल्या माख्त आणि म्युलर यांना दिसलं, की मूड सुधारतो तो चवीला आवडलेल्या चॉकलेटनं, आणि तोही मोजकी काही मिनिटं.

आता मी ५० टक्केवालं आणवते आणि जिभेवर सावकाश विरघळू देते. ते नसलं तर शेंगदाण्याचा लाडू. माझं तेवढ्यावरही भागतं.

परवा शेजारच्या काकू म्हणाल्या, "दिवाळीपासून कशातच मन लागंना बघ." एरवी मी त्यांच्यापुढं वडी धरली असती. या खेपेला टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावून दिला. तिथं मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत. काकूंचं बोलणं अर्धा तास चाललं.