पेठेचा संघ विकता येत नाही

तुम्ही कोल्हापूरची फुटबॉल मॅच पाहिलीय का? शाहू स्टेडियममध्ये, पायरीवर, लोकांत बसून? पाहिली नसेल तर हा लेख संपला की आधी ते मनावर घ्या. मी नुकताच पाहून आलोय आणि भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय. तेलंगणातल्या आमच्या मंचेरियल स्टेशनबाहेरच्या चहावाल्याला तेलुगूत सांगितलं, घरी मराठीत सांगितलं, चंद्रपूरच्या मामाला फोनवर सांगितलं. तरी पोट भरलेलं नाही.

आमचं घर मूळचं राजुऱ्याचं. भाषावार प्रांतरचनेआधी राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातच होता, त्यामुळे या पट्ट्यात आमच्यासारखी मराठी घरं नवलाची नाहीत. वडील सिंगरेणीच्या कोळसा खाणीत लागले आणि आम्ही गोदावरीकाठी मंचेरियलला रुजलो. गावाला वेड क्रिकेटचं आणि तेलुगू सिनेमाचं. मला मात्र फुटबॉलचं. रात्री दीड वाजता, घरातले उठू नयेत म्हणून आवाज बंद करून युरोपातल्या मॅचेस बघत मी वाढलो. गोल झाला की उशीत तोंड खुपसून ओरडायचं! त्यामुळे गोल झाल्यावर हजारो माणसं एकदम उठतात तेव्हा पायाखालची पायरी हलते, हे मला कोल्हापुरात पहिल्यांदा कळलं.

मावशी कोल्हापूरला दिलेली. मावसभाऊ म्हणाला, "चल, आज पाटाकडील आणि दिलबहार हाय. घरात बसून काय करतोस?" दुपारच्या उन्हात आम्ही निघालो तर रस्ताच मैदानाकडे वाहत होता. दुकानाचं शटर अर्धं ओढून निघालेले व्यापारी, कॉलेजची पोरं, खांद्यावर नातू घेतलेले आजोबा. माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. लेफ्ट बॅकच्या पायात चेंडू गेला की ते त्याला टोपणनावाने हाक मारून दटावायचे, "सोड की लवकर, घरला न्हेणार हाईस का?" मी विचारलं, ओळखीचा आहे का? "आमच्या गल्लीतला हाय. ह्याच्या बानंबी असाच बॉल धरून ठेवला आयुष्यभर!" दोन पिढ्यांचा बचाव त्या एका वाक्यात आला. कुठला समालोचक देईल मला हे?

आणि ही नावं बघा! पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, संध्यामठ. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या वरिष्ठ गटात असे सोळा संघ लीग खेळतात. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. लाल माती, जोर-बैठका, हनुमानाची तसबीर. त्याच तालमीने पुढे पायात बूट घातले. छत्रपती घराण्याने या खेळाला आश्रय दिला हे खरं, पण तो टिकवला पेठांनी. ज्या तालमीचा संघ, त्याच तालमीचा गणपती, आणि कित्येक तालमींत मोहरमचे पंजेही बसतात. सगळी पोरं सगळीकडे राबतात. वर्ल्ड कप आला की याच गल्ल्यांच्या भिंती मेस्सी, रोनाल्डो, नेमारनी भरतात. पण लीग सुरू झाली की मेस्सी भिंतीवर राहतो आणि लोक आपल्या गल्लीतल्या पोराला बघायला जातात. हा क्रम मला फार आवडला.

हे मला इतकं का लागलं, ते सांगतो. आम्हा तेलंगणातल्या फुटबॉलवेड्यांना एक संघ मिळाला होता. तो आला होता पुण्याहून! 2014 साली इंडियन सुपर लीगबरोबर एफसी पुणे सिटी सुरू झाला, बालेवाडीत खेळला आणि 2019 मध्ये बंद पडला. त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. 20 मार्च 2022 च्या रात्री गोव्यात, फातोर्ड्याला, केरळ ब्लास्टर्सविरुद्ध हैदराबादचा त्या लीगचा अंतिम सामना झाला. केरळचा गोल आधी झाला. शेवटच्या काही मिनिटांत साहिल तावोराने तो फेडला, आणि पेनल्टींत लक्ष्मीकांत कट्टीमणीने तीन फटके अडवले! मंचेरियलच्या आमच्या खोलीत तेव्हा मी एकटाच नाचत होतो. त्या विजेत्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला तोच. पुढे हा संघ हैदराबादचाही राहिला नाही. 2025 मध्ये तो दिल्लीला गेला, नवं नाव घेऊन.

पुणे, हैदराबाद, दिल्ली. अकरा वर्षांत एक जागा तीन शहरं फिरली आणि प्रत्येक वेळी मागे राहिली ती जर्सी विकत घेतलेली पोरं. पाटाकडील कुठे जाणार? शिवाजी तरुण मंडळ कोण उचलून दिल्लीला नेणार? संघ हरला तर गल्ली रुसते, दोन दिवस बोलत नाही, पण संघ गल्लीतच असतो. माझं ठाम मत झालंय की भारतीय फुटबॉलचं खरं घर हे आहे. मोठ्या लीग हव्यात, पैसा हवा, टीव्ही हवा, पण पाया पेठेचा हवा.

तालमींच्या चुरशीत कधी कधी हुल्लड होते, पोलीस बंदोबस्तात सामने खेळवावे लागतात. ते मला मुळीच आवडत नाही. एवढं प्रेम असताना दगड कशाला उचलायचा? ज्या दिवशी कोल्हापूरकर हे थांबवतील त्या दिवशी देशात त्यांच्या तोडीचं फुटबॉलचं गाव उरणार नाही.

हे सगळं बघताना मला सारखे आठवत होते आमचे सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे शाळामास्तर, आणि भारताला 1951 आणि 1962 च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवून देणारे प्रशिक्षक. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांचा संघ चौथा आला. त्यांची हैदराबाद सिटी पोलीस टीम मुंबईचा रोव्हर्स कप 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं घेऊन गेली. 1962 ला जकार्तात दक्षिण कोरियाला 2-1 हरवलं तेव्हा रहीमसाहेबांना कर्करोग झाला होता, पुढच्याच वर्षी ते गेले. म्हणजे फुटबॉल आमच्या मातीत होता! आमच्याकडे असे तालमींचे संघ नव्हते, म्हणून तो पिढ्यांपिढ्या उतरला नाही, असं मला आता पक्कं वाटतं.

आणि कोल्हापुरात खेळाला लागूनच गाणंही भेटलं! मॅचनंतर संध्याकाळी भाऊ मला खासबागेकडे घेऊन गेला. शाहू महाराजांनी कुस्तीसाठी बांधलेलं हे मैदान, आणि त्याला पाठ लावून केशवराव भोसले नाट्यगृह, 1915 चं पॅलेस थिएटर. एका भिंतीच्या अलीकडे हलगी-घुमकं आणि शड्डू, पलीकडे नाट्यसंगीत. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा मैदानाचा रंगमंचही होरपळला. याच राजाच्या पदरी अल्लादियाखाँसाहेब होते, जयपूर घराण्याची गायकी इथे मुरली. 1883 पासून चालत आलेला देवल क्लब आजही मैफली करतो. खेळ आणि गाणं शेजारी नांदलं पाहिजे, हे एका राजाला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं!

मला तर दोन्हींचा आनंद एकच वाटतो. समोरचा माणूस आत्ता काय करेल हे त्यालाही ठाऊक नसतं, आणि तो क्षण आपण त्याच्याबरोबर श्वास रोखून काढतो. म्हणून डीजे मला सोसत नाही. भिंत हादरते, पण वाजवणारा दिसत नाही. आमच्याकडे लग्नात डप्पू वाजतो, दिवाळीत गोंडांचा घुसाडी नाच येतो, त्यात वाजवणाऱ्याच्या कपाळावरचा घाम दिसतो. हलगी ऐकली आणि डप्पू आठवला. दोन्ही शेकोटीवर तापवून घ्यावे लागतात, दोन्ही ऐकताना पाय जागेवर राहत नाहीत.

रात्री घरी आलो. मावशी पांढरा रस्सा वाढत होती. हात धुवायच्या आत तिने विचारलं, "किती झालं रं?" मी स्कोअर सांगितला. "आणि गोल कुणी मारला?" वाटी हातात धरून ती उभीच राहिली, पूर्ण हकीकत ऐकल्याशिवाय ताटात रस्सा पडला नाही. काकांनी ऑफसाइडचा वाद काढला, आजीचं माहेर दुसऱ्या पेठेतलं म्हणून ती विरुद्ध बाजूने बोलली. टीव्ही बंद होता. सगळं घर एका विषयावर एका ताटाभोवती! मी आयुष्यभर आवाज बंद करून हा खेळ पाहिला, आणि इथे स्वयंपाकघरात तो मोठ्याने चालू होता.

परत आल्यापासून मी मुलीला आणि बायकोला घेऊन संध्याकाळी कॉलनीच्या मैदानावर जातो. बायको म्हणते, गोलकीपर मीच होणार. तिचा हात खरंच चांगला आहे.

आता माझ्या मंचेरियलच्या, मंदमर्रीच्या, श्रीरामपूरच्या, बेल्लमपल्लीच्या मित्रांनो, ऐका. मैदानं आपल्याकडे आहेत, पोरं आहेत, डप्पू वाजवणारे आहेत. कॉलनीच्या नावाने संघ काढा, मराठी-तेलुगू-उर्दू बोलणारी सगळी पोरं एका जर्सीत घ्या, आणि हिवाळ्यात चार संघांची का होईना, लीग सुरू करा. आणि त्याआधी एकदा सगळे मिळून कोल्हापूरला चला. लीगचं वेळापत्रक आलं की तिकिटं मी काढतो.